मळकट रंगांची परीक्षा

दुकानात मांडलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर आणि टॅबवर साधारण तेच चालू असतं. पोपट, लालभडक फुलं, निळाशार समुद्र, पाण्यात फुटत जाणारे शाईचे थेंब. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही दुकानात काचेचं दार ढकलून आत गेलं की हा थाट समोर येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "नाद खुळा! कलर बघ की कसला हाय!" थोड्या वेळात बिल होतं. रंगाचं काम करणाऱ्याने मात्र त्या पोपटाकडे पाठ फिरवावी, असं माझं ठाम मत आहे. तो पोपट आपण प्रत्यक्ष कधी पाहिलेला नसतो, त्यामुळे तो चुकीचा दिसत असला तरी आपल्याला ते कळायला मार्ग नाही. शिवाय भडक रंग बहुतेक स्क्रीनवर बऱ्यापैकी छानच दिसतात. खरी परीक्षा होते ती मळकट रंगांवर. राख, माती, चामडं, गूळ, गव्हाळ चेहरा, पावसाळी आभाळ.

मी चपलांचे आणि साड्यांचे कॅटलॉग करते, लग्नसराईत अल्बम करते. त्यामुळे ओळखीपाळखीतून कुणी ना कुणी विचारत असतं, "ताई, कलर करेक्ट दिसंल असा लॅपटॉप सांगा की." मॉडेलचं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही. मॉडेलं दर वर्षी बदलतात आणि एकाच नावाखाली कधी दोन वेगवेगळी पॅनेलंही, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या काचाही, बाजारात असतात. बघायचं कसं, हे मात्र एकदा कळलं की पुरे. म्हणून हे जरा पसरट लिहिते आहे.

कोल्हापुरी चपलेपासूनच सुरुवात करते, कारण स्क्रीन तपासायला याहून चांगली वस्तू मला आजवर मिळालेली नाही. अस्सल मालाचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. वरून रंग न दिलेल्या जोडीचा जो मूळ रंग असतो तो धड पिवळा नाही, धड तांबूसही नाही. तेल लागलं, ऊन लागलं की तो हळूहळू गडद होत जातो. या रंगावर स्क्रीन का अडखळते, त्याला कारण आहे. तपकिरी नावाचा प्रकाशच नसतो. इंद्रधनुष्यात तपकिरी शोधून सापडणार नाही. नारिंगी हा आजूबाजूच्या उजेडापेक्षा मंद झाला की डोळा त्याला तपकिरी म्हणतो. स्क्रीनला तो तयार करायचा तर तिच्या लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांपैकी लाल बेताचा, हिरवा त्याहून कमी आणि निळा अगदी थोडा, असं जमवावं लागतं. लाल फूल दाखवताना जवळजवळ सगळं काम एकट्या लाल ठिपक्याचं असतं. तो दोन-चार पायऱ्या इकडेतिकडे सरकला तरी फूल लालच राहतं. चामड्यात तिघांचा तोल सांभाळायचा असतो. हिरवा किंचित वाढला की माल शेवाळी मारतो, लाल वाढला की विटकरी होतो आणि निळा वाढला की कातड्यातला जीवच जातो.

हे तिघं ठिपके डोळ्यांनी बघायचे असतील तर फोनवर कोरं पांढरं पान उघडा आणि त्यावर पाण्याचा बारीकसा थेंब टाका. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्याच्या पोटात लाल, हिरवे, निळे कण दिसायला लागतात. पिवळा कण कुठेच नसतो. स्क्रीनवरचा हळदीचा पिवळा हा लाल आणि हिरव्याचा मेळ असतो, आणि तो मेळ आपल्या डोळ्यात होतो. ही युक्ती जुनी आहे. १८६१ साली लंडनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका चौकटीदार रिबिनीचे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून काढवून घेतलेले तीन फोटो एकावर एक पाडले आणि रंगीत चित्र उभं करून दाखवलं. आज आपल्या हातातला टॅब दर क्षणाला तेच करत असतो.

चप्पल लाईनमधल्या एका कारागीर मामांना मी मागे त्यांच्याच मालाचे फोटो त्यांच्या मुलाच्या टॅबवर दाखवत होते. मामांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. "ताई, ह्यो आमचा माल न्हाई. ह्यात लाल लय मारतंय." मुलगा म्हणाला, "आण्णा, कॅमेऱ्याचा फोटो हाय, खोटं कसं बोलंल?" मामांनी काही न बोलता फळीवरची नवी जोडी उचलली, दाराशी उजेडात नेली आणि टॅबशेजारी धरली. मग मुलालाही दिसलं. टॅब 'व्हिव्हिड' मोडवर होता. सेटिंगमध्ये जाऊन तो 'नॅचरल' केला आणि मामा म्हणाले, "आता आला बघा आपला." स्क्रीनची कुठली परिभाषा त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना वस्तू माहीत होती. ज्याला वस्तू पक्की माहीत आहे त्याच्या हातात ती वस्तू आणि समोर तिचा फोटो, एवढं असलं की स्क्रीनला लपायला जागा उरत नाही.

हा 'व्हिव्हिड' प्रकार बऱ्याच फोनवर आणि टॅबवर डबा उघडल्यापासूनच चालू असतो, म्हणून त्याबद्दल जरा थांबून बोलते. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा ढेपेच्या रंगावर भाव ठरतो. पिवळाधमक गूळ भाव खातो. म्हणून काही जण रसात हायड्रोसची पावडर मारून रंग फिका आणि पिवळा करतात. रानभेंडीच्या रसाने मळी काढलेला, बाकी काही न घातलेला गूळ मात्र तपकिरीकडे झुकतो आणि शेजारी शेजारी ठेवला तर डोळ्याला कमी भावतो. 'व्हिव्हिड' म्हणजे स्क्रीनला मारलेला हायड्रोस आहे. लाल अधिक लाल होतो, गवत अधिक हिरवं, नवरीच्या अंगावरची हळद केशरी होते. सिनेमा बघणाऱ्याला त्यात मजा वाटली तर वाटू दे. पण ज्याला त्या स्क्रीनवर बघून दुसऱ्याला माल पाठवायचा आहे त्याने ते सगळ्यात आधी बंद करावं. त्याच फेरीत आणखी काही गोष्टी बंद कराव्यात: रात्री स्क्रीन पिवळी करणारं 'नाईट लाईट' किंवा 'नाईट शिफ्ट', खोलीतला उजेड बघून पांढरा बदलणारं 'ट्रू टोन', आपोआप कमीजास्त होणारा ब्राइटनेस आणि बॅटरी वाचवणारा मोड. हे सगळे दुसऱ्या कामांसाठी चांगलेच आहेत. रंग तपासताना ते चालू असतील तर आपण स्क्रीन तपासत नसतो, त्या मोडला तपासत असतो.

आता डब्यावरचे आकडे. यांना लोक घाबरतात, पण यातला एकच आकडा मी आवर्जून बघायला सांगते.

डोळ्याला दिसणाऱ्या रंगांचा नकाशा १९३१ साली ठरला. प्रकाश आणि रंग यांच्यासाठी असलेल्या 'सीआयई' या आंतरराष्ट्रीय मंडळाने तो मान्य केला. त्यामागे इंग्लंडमधले दोन संशोधक होते, राइट आणि गिल्ड. राइट यांनी १० माणसांवर प्रयोग केले, गिल्ड यांनी ७. एका बाजूला एक रंग, दुसऱ्या बाजूला लाल-हिरवा-निळा कमीजास्त करत तो जुळवायचा, हे त्या माणसांचं काम. अवघ्या १७ जोडी डोळ्यांच्या सरासरीवर जगातल्या सगळ्या स्क्रीनचं रंगगणित उभं आहे, हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते. त्याच १९३१ साली आपल्याकडे चित्रकार आबालाल रहिमान गेले. रंकाळ्याच्या आणि कोटितीर्थाच्या पाण्यावरचा उजेड त्यांनी ज्या मुरलेल्या रंगांत धरला, त्यांतली चित्रं टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. नवी स्क्रीन घेणाऱ्याने एकदा तिथे जाऊन डोळा धुऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. भडक काहीही न वापरता चित्र किती तेजस्वी होतं ते तिथे दिसतं.

तर त्या नकाशावर प्रत्येक स्क्रीनचा एक त्रिकोण असतो. तिचा सर्वांत लाल लाल, सर्वांत हिरवा हिरवा आणि सर्वांत निळा निळा हे तीन कोपरे. या त्रिकोणाबाहेरचा रंग ती स्क्रीन काही केल्या दाखवू शकत नाही. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक मधला त्रिकोण सुचवला, 'एसआरजीबी'. आजही इंटरनेटवरचे बहुतेक फोटो त्याच मापाचे असतात. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत '४५% एनटीएससी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एनटीएससी हे अमेरिकेतल्या १९५३ सालच्या रंगीत टीव्हीचं माप. त्याच्या ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६० ते ६५ टक्के. म्हणजे फोटोत असलेल्या रंगांपैकी मोठा हिस्सा त्या स्क्रीनच्या आवाक्याबाहेरच राहतो. अशा पॅनेलवर कुंकू विटकरी दिसतं, भगवा झेंडा धुवून धुवून विटलेला वाटतो. स्क्रीनच्या मागचा पांढरा उजेड निळ्या एलईडीवर पिवळं फॉस्फर (उजेडाचा रंग बदलणारं द्रव्य) चढवून केलेला असतो, त्यात लालाचा भाग मुळातच कमी असतो आणि स्वस्त पॅनेलच्या गाळण्याही फिक्या असतात. त्यामुळे सगळ्यात आधी लाल मरतो. '७२% एनटीएससी' किंवा '१००% एसआरजीबी' असं लिहिलेलं असेल तर ती स्क्रीन निदान विचार करण्याजोगी. हाच तो आकडा. बाकीचं डोळ्याने बघायचं.

त्याहून मोठा 'पी थ्री' नावाचा त्रिकोण असतो. तो डिजिटल सिनेमाच्या मापातून आला, ॲपलच्या आयपॅड प्रोवर २०१६ मध्ये आला आणि आता चांगल्या 'ओएलईडी' स्क्रीनच्या (तिच्याबद्दल पुढे सांगते) लॅपटॉपवर सर्रास असतो. मोठा त्रिकोण चांगलाच, पण त्यात एक खाच आहे. एसआरजीबीसाठी केलेला फोटो मोठ्या त्रिकोणावर तसाच ताणून दाखवला की सगळं भडक होतं. फोटो कुठल्या मापाचा आहे हे ओळखून त्या मापात दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं. म्हणून महागडा लॅपटॉप घेऊनही "स्किन टोन लाल येतोय" अशी तक्रार करणारे फोटोग्राफर मला भेटतात. त्यांच्या स्क्रीनच्या सेटिंगमध्ये 'एसआरजीबी' असा मोड बहुधा असतो. इंटरनेटसाठी काम करताना तो लावावा, काम सोपं होतं.

आता दुकानात किंवा घरी बसल्यावर काय बघायचं.

पांढरा आधी. स्क्रीनवर कोरं पान उघडायचं आणि खिडकीच्या उजेडात, थेट उन्हात नव्हे, शेजारी साधा पांढरा कागद धरायचा. स्क्रीन निळी मारते आहे का पिवळी, हे लगेच कळतं. दुपारच्या उजेडाच्या पांढऱ्याला ६५०० केल्विन असा आकडा देतात आणि चांगल्या स्क्रीनचा पांढरा त्याच्या आसपास असावा लागतो. बऱ्याच स्क्रीन त्याहून निळसर ठेवलेल्या असतात, कारण निळसर पांढरा अधिक शुभ्र भासतो. मात्र कागद हल्ली शुभ्र दिसावा म्हणून त्यातही रसायन असतं, त्यामुळे फार निळसर चमकणारा कागद नको. वहीचं साधं पान बरं.

मग राखाडी, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी एक पट्टी फोनमध्ये ठेवायची आणि स्क्रीनभर उघडायची. राखाडीत लाल, हिरवा, निळा समसमान असतात. त्यामुळे कुठल्याही टप्प्यावर एखादा जरी कमीजास्त झाला तरी तिथे गुलाबी किंवा हिरवट झाक येते. मोरपंखी साडीत ही झाक लपून जाते, राखाडीत लपत नाही. पट्टीवर उभ्या रेघा दिसत असतील तर स्क्रीनला पायऱ्या कमी पडतात असं समजायचं. प्रत्येक ठिपक्याला २५६ पायऱ्या असतील तर १ कोटी ६७ लाखांच्या वर रंग होतात. ६४च असतील तर २ लाख ६२ हजार. स्वस्त पॅनेलं ६४वर भागवतात आणि मधल्या छटा दोन पायऱ्यांमध्ये झपाझप ये-जा करून भासवतात. रंकाळ्यावरच्या संध्याकाळच्या आभाळाचा फोटो तिथे लावला की आभाळाचे थर पडतात. राजारामपुरीतच अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथे त्यांची पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं आहेत. उजेड संपून सावली कुठे सुरू झाली, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. राखाडी पट्टी बघताना माझ्या नजरेसमोर तो मऊपणा असतो.

काळ्यासाठी माझ्याकडे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरच्या म्हशीचा एक पहाटेचा फोटो आहे. म्हैस काळी म्हणतो आपण, पण तिच्या पाठीवर दिव्याचा उजेड असतो, पोटाखाली तपकिरी असतं, मानेच्या वळ्या असतात. वाईट स्क्रीनवर ती म्हैस म्हणजे काळा गोळा होऊन बसते. काही स्क्रीनवर उलटं होतं, काळा राखाडी होतो आणि कोपऱ्यातून मागचा उजेड गळतो. ओएलईडी स्क्रीनमध्ये मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो आणि विझतो, त्यामुळे काळा खरा काळा मिळतो. तरी तिथेही वळ्या दिसतात का ते बघायचंच, कारण अगदी मंद छटा काही ओएलईडी पॅनेलं थेट विझवून टाकतात.

स्क्रीन पुढेमागे कलवून बघायची. जुन्या धाटणीच्या 'टीएन' पॅनेलवर झाकण थोडं मागेपुढे केलं की चेहऱ्याचा रंग बदलतो, कधी रंग उलटेपालटेही होतात. म्हणजे वरच्या ओळीतली साडी आणि खालच्या ओळीतली तीच साडी वेगळी दिसते. त्यावर रंगाचं काम करू नये, इतकं साधं आहे. 'आयपीएस' (कलवलं तरी रंग फारसे न बदलणारं पॅनेल) किंवा ओएलईडी घ्यावं.

आणि शेवटी चेहरा. घरातल्या माणसाचा, सावलीच्या उजेडात काढलेला, फिल्टर न लावलेला फोटो. शक्यतो तो माणूस शेजारी उभा असताना. आपल्या लोकांच्या गव्हाळ, सावळ्या कांतीत पिवळा आणि लाल इतक्या जवळून चालतात की स्क्रीनने एकाची बाजू घेतली की माणूस आजारी तरी दिसतो नाहीतर तापलेला. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीकडची माणसं पहिल्यांदा शालू बघत नाहीत, चेहरा बघतात.

इतकं सगळं करूनही उजेड चुकला तर सगळं वाया जातं. महाद्वार रोडवर साडी घ्यायला गेलेली कुठलीही बाई मनात भरलेली साडी उचलून दुकानाच्या दाराशी नेते. दुकानदारही सवयीने म्हणतो, "उजेडात बघा वैनी." आतल्या ट्यूबखाली जुळलेले साडी आणि ब्लाऊजपीस बाहेर येऊन वेगळे पडतात, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. दोन कापडं एका उजेडात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसतात, कारण रंगवण्याची द्रव्यं वेगळी असतात आणि ती प्रत्येक उजेडातलं वेगळं काही परत फेकतात. स्क्रीन स्वतःचा उजेड घेऊन येते, त्यामुळे लोकांना वाटतं तिला बाहेरच्या उजेडाशी देणंघेणं नाही. पण डोळ्याला असतं. पिवळ्या बल्बखाली बसलात तर डोळा पिवळ्याला पांढरा मानायला लागतो आणि बरोबर असलेली स्क्रीन निळी वाटते. पोपटी भिंतीच्या खोलीत बसून चेहरे दुरुस्त केले तर ते हिरवट होऊन निघतात. म्हणून माझ्या टेबलामागची भिंत मी फिकट राखाडी करून घेतली आणि रंग ठरवायचं काम दिवसा, खिडकीकडे स्क्रीनची पाठ किंवा तोंड न येईल अशा बेताने करते.

ब्राइटनेसचंही तसंच. अल्बम छापून आला की "प्रिंट डार्क आली" ही तक्रार ठरलेली. बहुतेक वेळा छापणाऱ्याचा त्यात दोष नसतो. फोटो दुरुस्त करणारा पूर्ण ब्राइटनेसवर बसलेला असतो, त्याला फोटो लख्ख दिसतो आणि तो आणखी थोडा अंधारवून पाठवतो. कागद काही स्वतःहून पेटत नाही. शेजारच्या पांढऱ्या कागदाइतकाच स्क्रीनचा पांढरा उजळ दिसेल इथपर्यंत ब्राइटनेस खाली आणायचा. सुरुवातीला मंद वाटतं, मग डोळा रुळतो.

दोष फोटोचा का स्क्रीनचा, हा प्रश्न मला किरणोत्सवात नेहमी पडतो. परंपरेने ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात शिरतात आणि अंबाबाईच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात. मावळतीचा उजेड हवेच्या लांब वाटेने येतो, वाटेत निळा विखुरतो आणि तांबूस सोनेरी उरतो. प्रत्यक्ष बघणाऱ्याला जे सोनं दिसतं ते कितीतरी फोटोंत फिकट पांढरं होऊन येतं. कॅमेऱ्यातला 'ऑटो व्हाइट बॅलन्स', म्हणजे पांढरा कुठला ते आपोआप ठरवणारी सोय, पिवळी झाक ही चूक समजते आणि ती काढून टाकते. तिथे कितीही चांगली स्क्रीन आणली तरी उपयोग नाही, सोनं फोटोतूनच गेलेलं असतं. तोच फोटो दोन-तीन वेगळ्या स्क्रीनवर बघावा. सगळीकडे फिका असेल तर फोटो फिका. एकाच ठिकाणी फिका असेल तर ती स्क्रीन. स्क्रीन तपासायला म्हणूनच मी असे फोटो वापरत नाही, व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून काढलेले वापरते.

यात डोळाही प्रत्येकाचा वेगळा. २०१५ मध्ये एका ड्रेसचा फोटो जगभर फिरला, कुणाला तो निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी. ड्रेस खरोखर निळा-काळा होता. एकाच स्क्रीनसमोर बसलेले नवरा-बायको भांडत होते आणि दोघंही खरं बोलत होते, कारण फोटोतला उजेड कसला, याचा अंदाज प्रत्येकाचा मेंदू वेगळा करत होता. वयानेही फरक पडतो. डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत जातं. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघायची आणि म्हणायची, "ह्या डोळ्याला कागद पांढरा दिसतोय आणि ह्याला चहा सांडल्यासारखा." दुसरं ऑपरेशन होईपर्यंत तिला रोज ते नवल वाटायचं. मी तिच्याकडून तेव्हा शिकले की आपला पांढरा हा आपल्या सवयीचा पांढरा असतो.

म्हणून ज्यांचं पोट यावर आहे त्यांनी मापन यंत्र घ्यावं. कलरीमीटर म्हणतात त्याला, स्क्रीनवर टेकवून ठेवायचं छोटंसं यंत्र. सॉफ्टवेअर एकामागून एक रंग दाखवतं, यंत्र ते मोजतं आणि असायला हवा तो रंग व असलेला रंग यांतलं अंतर 'डेल्टा-ई' या मापात सांगतं. अंतर १च्या आसपास असेल तर फरक जेमतेम जाणवतो, २च्या आत असलं तर काम बिनघोर चालतं. मग ते यंत्र स्क्रीनसाठी एक दुरुस्तीची फाईल करून देतं. ही फाईल झाक काढते, त्रिकोण मोठा करत नाही. ४५ टक्क्यांची स्क्रीन मोजूनमापून ४५ टक्क्यांचीच राहते, हे विकणारे सांगत नाहीत. यंत्र महाग वाटलं तर चार स्टुडिओंनी मिळून घ्यावं. काही महिन्यांनी एकदा लागतं, कारण स्क्रीनही जुनी होते आणि ओएलईडीत निळे ठिपके आधी थकतात. मोजण्याआधी स्क्रीन अर्धा तास चालू असू द्यावी.

आणि तरी काही रंग हाती लागत नाहीत. शाहूपुरीतली एक मैत्रीण घरून साड्या विकते, टॅबवर फोटो दुरुस्त करून गिऱ्हाइकांना पाठवते. तिच्याकडे परत आलेल्या पार्सलांत सगळ्यात जास्त मोरपंखी आणि चिंतामणी असायच्या. आम्ही दोघींनी मिळून तिचा टॅब नॅचरल मोडवर आणला, पांढरा जुळवला, फोटो व्हरांड्यातल्या उत्तरेकडच्या उजेडात काढायला सुरुवात केली. आमसुली, अबोली, डाळिंबी, श्रीखंडी जागेवर आल्या. मोरपंखी नाही आली. गडद हिरवट निळ्याचा तो भाग एसआरजीबीच्या त्रिकोणाबाहेर पडतो आणि गिऱ्हाइकाचा फोन कसा आहे ते तर आपल्या हातात नाहीच. जरीचंही तसंच, तिचं चमकणं हा रंग नसतो, हलताना बदलणारा उजेड असतो आणि थांबलेल्या फोटोत तो मोहरीसारखा पिवळा पडतो.

ती आता जरीसाठी पदर हलवत काढलेला छोटा व्हिडिओ पाठवते. मोरपंखीच्या फोटोखाली लिहिते, "प्रत्यक्षात यापेक्षा हिरवट आणि गडद आहे, शंका असेल तर फोन करा." बायका फोन करतात. "म्हणजे कैरीच्या सालीसारखा का मोराच्या मानेसारखा?" असं विचारतात, ती साडी हातात धरून दाराशी जाते आणि बघून सांगते.